रिटर्न पंप बंद पडून मासे दगावले : उरलेली रीफ टाकी वाचवताना

तुम्ही कळवलेली हकिगत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचकांनाही समजेल. नागपूरच्या मनीषनगरमधील तुमच्या फ्लॅटमध्ये ३०० लिटरची रीफ टाकी (कोरल म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) अडीच वर्षांपासून आहे. खाली संप (पाणी गाळण्याची दुसरी छोटी टाकी) आहे, त्यातले पाणी रिटर्न पंप वर चढवतो, संपमध्ये स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारे यंत्र) आहे, आणि चिलरला (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राला) पाणी देणारा स्वतंत्र छोटा पंपही संपमध्येच बसवलेला आहे. वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा छोटा पंप) आवाज करू लागल्यामुळे तुम्ही तो महिन्यापूर्वी काढून ठेवला होता. परवा तुम्ही लग्नासाठी वर्ध्याला मुक्कामी गेलात, रात्री अकराच्या सुमारास वीज गेली आणि शेजाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे तासाभरात परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचलात तेव्हा रिटर्न पंप नुसता घूं घूं करत होता, टाकीतले पाणी ३२ अंशांवर होते आणि चिलरच्या पडद्यावर मात्र २६ अंश दिसत होते. सेलफिन टँग हा मासा, तिन्ही क्रोमिस मासे आणि क्लीनर श्रिम्प ही कोळंबी मेलेली होती. क्लाउनफिशची जोडी आणि हर्मिट खेकडे वाचले आहेत, झोअँथिड (दगडावर वाढणारे फुलांसारखे छोटे जीव) मिटले आहेत, लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) आक्रसले आहे आणि ॲनेमनीचे (भुजा असलेल्या फुलासारख्या समुद्री जीवाचे) तोंड उघडे दिसते आहे. आता मोठा चिलर घ्यावा का, कोणता पंप घ्यावा, आणि सगळे दगड काढून, धुऊन टाकी नव्याने लावावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

गेली अठरा वर्षे मी नागपुरातील घरांमधल्या आणि दवाखान्यांमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो आहे. अडीच वर्षे रोज सकाळी समोर येणारा मासा तळाशी आडवा पडलेला पाहणे काय असते, हे मला ठाऊक आहे. तरीही पहिली विनंती ही की, आज रात्रीपर्यंत चिलरची खरेदी करू नका आणि एकही दगड हलवू नका. तुमचा खरा प्रश्न चिलरचाही नाही आणि पंपाच्या कंपनीचाही नाही. टाकीचा सगळा श्वास एकाच यंत्रावर चालू होता, हा तो प्रश्न आहे. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मासे उष्णतेने नव्हे, तर प्राणवायूच्या अभावाने गेले असे माझे ठाम मत आहे. कारण सांगतो, कारण पुढचे सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत.

समुद्राच्या खारटपणाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, आणि ३२-३३ अंशांना तो सहाच्या आसपास येतो. म्हणजे नुसत्या तापमानाने झालेली घट आठव्या हिश्शाच्या आतबाहेर आहे. गरम पाण्यात माशांची गरज वाढते हे खरे असले, तरी केवळ एवढ्या घटीने एका रात्रीत चार मासे जात नाहीत. मात्र पाण्याचा पृष्ठभाग स्तब्ध झाला, की हवेतला प्राणवायू आत उतरणे जवळजवळ थांबते. त्यातच रात्र असल्यामुळे शेवाळ आणि कोरलच्या अंगातील सूक्ष्म शैवाल प्राणवायू तयार करत नव्हते; उलट मासे, कोरल, शेवाळ आणि दगडांमधले जिवाणू असे सर्वच जण उरलेला साठा वापरत होते. सतत पोहणाऱ्या टँगसारख्या माशाला प्राणवायू अधिक लागतो, म्हणून असे मासे आधी जातात. क्लाउनफिश कमी हालचाल करतात. रात्री ते ॲनेमनीच्या भुजांमध्ये अंग हलवत राहतात आणि त्यामुळे तिच्याभोवतीचे पाणी खेळते राहते, हे प्रयोगांतही दिसून आले आहे. तुमची ॲनेमनी अजून जिवंत आहे, त्यात त्या जोडीचा थोडा वाटा असावा असे मला वाटते.

अशा प्रसंगी कोण गेले आणि कोण राहिले, हा क्रम मी नेहमी आधी विचारतो. मासे गेले आणि कोरल नुसते मिटून बसले, तर मी प्राणवायूकडे बोट दाखवतो. मासे धडधाकट असून कोरल पांढरे पडू लागले, तर संशय उष्णतेवर जातो. मासे ठीक असून आधी श्रिम्प आणि गोगलगायी गेल्या, तर खारटपणातला अचानक बदल किंवा तांब्यासारखा धातू पाण्यात उतरल्याची शंका घेतो. हा नियम शंभर टक्के चालतो असे नाही, पण तपास कुठून सुरू करावा हे त्यावरून ठरवता येते.

चिलरच्या पडद्यावरच्या २६ अंशांचा उलगडाही यातच आहे. वीज आल्यावर चिलरचा पंप आणि स्किमर पुन्हा सुरू झाले, रिटर्न पंप झाला नाही. त्यामुळे संपमधले पन्नास-साठ लिटर पाणी रात्रभर थंडही होत राहिले आणि त्यात हवाही मिसळत राहिली, पण त्यातला एक थेंबही वर पोहोचला नाही. तुम्ही दुप्पट क्षमतेचा चिलर घेतला असता, तरी त्या रात्री तो संपच अधिक थंड करत बसला असता. तापमापक मुख्य टाकीत असावा, संपमध्ये नव्हे, हा धडा मी स्वतःही एका ग्राहकाच्या टाकीवर शिकलो आहे.

आता पंप. वीज गेल्याने पंप बिघडला, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या अनुभवानुसार तो बऱ्याच आधी बिघडलेला होता आणि वीज गेल्यामुळे ते फक्त उघडकीस आले. पंपाचा प्लग काढा, पुढचे झाकण फिरवून उघडा आणि इंपेलर (पाणी ढकलणारे, चुंबक लावलेले चक्र) बाहेर ओढा. चुंबकाच्या काळ्या दंडगोलावर आणि तो ज्या खोबणीत फिरतो तिच्या आतल्या भिंतीवर नखाने खरवडता येईल असा पांढरट, खरखरीत थर दिसेल. तो कॅल्शियमचा आहे. रीफ टाकीच्या पाण्यात कॅल्शियम मुद्दाम भरपूर ठेवलेले असते आणि पंपाचा भाग गरम होत असल्यामुळे ते तिथे लवकर बसते. फिरत्या पंपाला हा थर फारसा अडवत नाही, कारण गती आधीच मिळालेली असते. एकदा थांबल्यावर मात्र जागचे हलण्याइतका जोर त्या छोट्या चुंबकात नसतो आणि पंप घूं घूं करत जागीच थरथरत राहतो. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी अशा मिश्रणात सगळे सुटे भाग तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, मधला सिरॅमिकचा दांडा तुटलेला किंवा झिजलेला नाही ना ते पाहा, आणि साध्या पाण्याने धुऊन जोडा. माझा अंदाज असा की, तुमचा पंप अर्ध्या दिवसात पूर्ववत चालू लागेल. मग तो सुटा पंप म्हणून कपाटात ठेवायचा की नवा पंप कपाटात ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. पण घरात दोन पंप असायलाच हवेत. नागपुरात संध्याकाळी सात वाजता हवा तो पंप दुकानात मिळेलच याची खात्री नसते आणि कुरिअरने यायला चार दिवस जातात.

यावरून मी माझ्या सर्व ग्राहकांना एक सवय लावली आहे. महिन्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी, टाकीचा मुख्य स्विच दहा मिनिटे बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. त्या दहा मिनिटांत तीन गोष्टी पाहता येतात: पाणी उलटे उतरून संप भरून वाहतो का, प्रत्येक पंप स्वतःहून सुरू होतो का, आणि सुरू होताना कोणाचा आवाज बदललेला आहे का. मी सांभाळत असलेल्या टाक्यांमधले निम्म्याहून अधिक नादुरुस्त पंप मला या एका सवयीमुळे मालक घरी असतानाच सापडले आहेत.

आता पुढच्या दोन आठवड्यांबद्दल, कारण उरलेले जीव अजून धोक्याबाहेर नाहीत. वेव्हमेकर आवाज करत असला तरी आजच परत लावा आणि त्याचे तोंड किंचित वर करा, म्हणजे पृष्ठभाग सतत हलता राहील. सोबत हवेचा पंप आणि एक एअर स्टोन द्या. मीठ काचेवर उडेल, उडू द्या. मेलेले सर्व जीव मोजून बाहेर आले आहेत ना, याची खात्री करा. क्रोमिस दगडांच्या फटीत अडकून मरतात आणि एक छोटा मासाही या हवामानात दोन दिवसांत बराच अमोनिया सोडतो. अमोनिया रोज सकाळी तपासा. रीफ टाकीचा पीएच ८ च्या वर असतो आणि पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांनी सहन केलेला आकडा इथे चालत नाही. अमोनिया दिसला तर २० ते २५ टक्के पाणी बदला. नव्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा, म्हणजे हजार भागांत किती मीठ) रिफ्रॅक्टोमीटर या मापकावर ३५ ला आणि तापमान टाकीइतकेच असल्याशिवाय ते आत घालू नका. अमोनिया बांधून ठेवणारे द्रव वापरल्यास काही किट त्यानंतरही अमोनिया दाखवत राहतात, तेव्हा घाबरून पुन्हा मात्रा देऊ नका. नव्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी संपमध्ये ठेवा, कारण मिटलेले सॉफ्ट कोरल अशा वेळी पाण्यात त्रासदायक द्रव्ये सोडतात. चार-पाच दिवस खाणे अगदी थोडे द्या. क्लाउनफिश उपाशी मरणार नाहीत.

तापमान ३२ वरून २६ वर एका दिवसात आणण्याचा हट्ट करू नका. तासाला अर्धा अंश उतरला तरी पुरेसा आहे, आणि पहिल्या दिवशी २८ वर थांबले तरी चालेल.

दगड काढून धुण्याबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, पण ते एका गोष्टीवर अवलंबून आहे. तुमच्या लाइव्ह रॉकमध्ये (टाकीतल्या सच्छिद्र दगडांमध्ये) अडीच वर्षांत वसलेले जिवाणू हीच तुमची खरी गाळण यंत्रणा आहे, आणि संपमधल्या भागाला रात्रभर हवा मिळाल्यामुळे त्यातले पुष्कळसे शाबूत असणार. अशा वेळी दगड धुणे म्हणजे आजारी माणसाची मूत्रपिंडे काढून टाकण्यासारखे होईल. मात्र एखाद्या दगडाजवळ नाक नेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, किंवा पाणी बदलूनही सलग तीन दिवस अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली येत नसेल, तर क्लाउनफिश आणि खेकडे ५० लिटरच्या स्वच्छ प्लास्टिकच्या टबमध्ये, हवेच्या पंपासह हलवा आणि मग दोषी दगड शोधा.

दगड हाताळताना एक सावधगिरी मी कळकळीने सांगतो. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ जातीत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असू शकते. असे दगड उकळणे, त्यांवर गरम पाणी ओतणे किंवा ते कोरडे घासणे कधीही करू नका. वाफेतून आणि उडालेल्या तुषारांतून हे विष श्वासात गेल्याने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या कोणाला सांगा. मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नका.

ॲनेमनीचे तोंड उघडे असणे हे नेहमीच मरणाचे लक्षण नसते. तिचा पाय दगडाला घट्ट धरून असेल आणि भुजांना बोट लावल्यावर त्या चिकटत असतील, तर तिला वेळ द्या. ती दगडावरून सुटून पाण्यात लोळू लागली, आतला भाग बाहेर आला आणि स्पर्शाला लिबलिबीत लागली, तर मात्र वाट न पाहता पाण्याखालीच वाडग्यात घेऊन बाहेर काढा, कारण विरघळणारी एक ॲनेमनी ३०० लिटर पाणी नासवू शकते. लेदर कोरल आठ-दहा दिवस आक्रसलेले राहून अंगावरची मेणचट साय टाकते आणि पुन्हा फुलते. त्या काळात तिच्यावर प्रवाह बरा येऊ द्या आणि तिला हात लावू नका.

आता उष्णतेबद्दल, कारण मृत्यूचे कारण ती नसली तरी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून पुढे आहे आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. नागपूरच्या मे महिन्यातली हवा कोरडी असते आणि रीफ टाकीसाठी ते एक वरदान आहे. पृष्ठभागावरून अर्धा लिटर पाण्याची वाफ झाली, की ३०० लिटर पाण्यातून साधारण एक अंश उष्णता निघून जाते. म्हणून टाकीच्या तोंडावर तिरका लावलेला २०-२५ वॅटचा पंखा आपल्याकडे मे महिन्यात जे काम करतो, ते मुंबईच्या दमट हवेत करू शकत नाही. पण इथे एक घोटाळा होतो. टाकीच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला आणि खिडकी बंद ठेवली, की हवा दमट होते, माणसांना गारवा वाटतो आणि टाकीवरचे बाष्पीभवन मंदावते. कूलर त्याच खोलीत असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर जाऊ द्या. जुलैत पाऊस लागल्यावर पंख्याचा उपयोग बराच घटतो आणि तेव्हा चिलरच लागतो, त्यामुळे तुमचा सध्याचा चिलर काढून टाकू नका.

उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओच्या गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ उडत नाही. दिवसाला पाच लिटर पाणी उडाले आणि दोन दिवस भरपाई झाली नाही, तर ३५ ची सॅलिनिटी ३६ च्या पुढे जाते. वीज नसताना बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात का, असे अनेक जण विचारतात. एक लिटर बर्फाची बंद बाटली ३०० लिटर पाणी जेमतेम ०.४ अंशाने उतरवते. तेव्हा फ्रीझरमध्ये सहा बाटल्या असू द्याव्यात, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये, आणि बर्फ थेट पाण्यात टाकू नये.

इन्व्हर्टर तुमच्या घरी आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण टाकी त्यावर जोडलेली नाही. ती जोडा, तीही सगळी नाही. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून व्यवहारात हजारेक वॉट-अवर मिळतात असे धरा. चिलर त्यावर लावला तर तीन-चार तासांत ती आडवी होईल आणि घरातले पंखेही बंद पडतील. फक्त १५ वॅटचा वेव्हमेकर लावला, तर घरातला इतर भार आवरून तो रात्रभर सहज चालेल. माझा क्रम ठरलेला आहे: आधी श्वास, मग तापमान, मग अमोनिया आणि त्यानंतर दिवे, स्किमर वगैरे सर्व काही. याशिवाय वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप टाकीमागे टांगून ठेवा. तो फार महाग नसतो. असे पंप वीज परत येताच थांबतात, हे ध्यानात ठेवा. तुमच्या प्रसंगात वीज तासाभरात आली आणि रिटर्न पंप अडकलेलाच राहिला, म्हणजे पहाटेपर्यंतचा धोका त्याने टळला नसता. म्हणूनच मी दोन वेगळ्या सर्किटांवरच्या दोन हालचालींचा आग्रह धरतो: एक रिटर्न पंप, एक वेव्हमेकर, आणि दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नकोत. खाऱ्या पाण्याच्या टाकीमागचा बोर्ड मिठाने गंजतोच. तो पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर लावा आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. टाकीत हात घालणारे तुम्ही आहात, म्हणून हा खर्च माशांच्याही आधी करावा.

हिवाळ्याचेही याच वेळी ठरवून टाका. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, रात्रीचा पारा दहाच्या खाली गेलेला असताना, माझ्या स्वतःच्या ४५० लिटरच्या टाकीतला ३०० वॅटचा हीटर आतून चिकटला आणि दुपारपर्यंत चालूच राहिला. मी परतलो तेव्हा पाणी ३४ अंशांवर होते आणि सहा वर्षे जपलेली क्लाउनफिशची जोडी गेली होती. त्या हीटरमध्ये बिघाड झाला हे खरे, पण एका बिघाडाने एवढी उष्णता देता येईल अशी मांडणी मी केली होती. तेव्हापासून मी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर आणि त्यांच्यावर स्वतंत्र तापमान-नियंत्रक लावतो. एक चिकटला तरी तो एकटा टाकी उकळू शकत नाही आणि एक बंद पडला तरी दुसरा रात्र निभावून नेतो.

नवे मासे इतक्यात आणू नका. सलग तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य, झोअँथिड पूर्ण उमललेले आणि महिन्याची ती स्विच-बंद चाचणी एकदा पार पडलेली, एवढे झाल्यावर विचार करा. टँग पुन्हा घेऊ नये असे मी मनापासून सुचवतो, कारण सेलफिन पूर्ण वाढीला फूटभराहून मोठा होतो आणि ३०० लिटरमध्ये त्याच्या वाट्याला जागाही कमी येते आणि प्राणवायूही. बंदिस्त पैदाशीचे मासे मिळाले तर तेच घ्या. क्लाउनफिशची अशी पैदास आपल्या देशातही होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे, आणि हे मासे टाकीतल्या जीवनाला सरावलेले असतात. कठीण कोरल, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी हे जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत, त्यामुळे कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका.

येत्या सात दिवसांचे सकाळचे अमोनियाचे आकडे, मुख्य टाकीचे सकाळचे व दुपारी चारचे तापमान आणि उघडलेल्या इंपेलरचे एक छायाचित्र कळवा. ॲनेमनीचा पाय दगडाला धरून आहे की नाही, हे मात्र आजच पाहून सांगा, कारण तिच्याबाबत मला आठवडाभर थांबता येणार नाही.